कंसातली बाजारपेठ

५ जून १९७५ या दिवशी ब्रिटिश मतदारांच्या हाती जी मतपत्रिका पडली तिच्यावर एकच प्रश्न छापलेला होता. युनायटेड किंग्डमने युरोपीय समुदायात राहावे असे तुम्हांस वाटते काय, असा तो प्रश्न; आणि 'युरोपीय समुदाय' या शब्दांना लागूनच कंसात दुसरे नाव दिलेले होते : सामाईक बाजारपेठ. साऱ्या देशाला एकाच प्रश्नावर कौल विचारण्याची त्या राज्याच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ. संसदेने काय ते ठरवावे आणि लोकांनी पुढच्या निवडणुकीत त्या संसदेचा न्याय करावा, अशी तोवर तेथली रीत होती. देश या व्यापारी संघात शिरून अडीच वर्षेही झाली नव्हती, आणि बाहेर पडावे की राहावे यावरून मंत्रिमंडळ, पक्ष आणि घरेदारे दुभंगली होती.

त्या कंसाविषयी थोडे बोलले पाहिजे. कंसातला मजकूर वगळला तरी वाक्याला बाध येत नाही, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरेच आहे. पण कंसाचा आणखी एक गुण असा की त्याच्या आतले आणि बाहेरचे शब्द म्हणजे एकाच वस्तूची दोन नावे, अशी वाचकाची सहज समजूत होते. 'समुदाय' आणि 'बाजारपेठ' ही एकाच वस्तूची नावे आहेत काय? आठवड्याच्या बाजाराला आपण जातो, घासाघीस करतो, पिशवी भरतो आणि दिवेलागणीला आपल्या गावी परततो. बाजारात कोणी वस्तीला राहत नाही. समुदायात मात्र राहावे लागते. तेथे वर्गणी असते, मानापमान असतात, आणि बहुमताने आपल्या मनाविरुद्ध झालेला निर्णय कधीमधी निमूटपणे पाळावा लागतो. १९७५ च्या मतपत्रिकेने ही दोन्ही नावे शेजारी शेजारी बसवली, आणि त्यांतल्या कोणत्या नावासाठी आपण फुली मारतो आहोत हे ज्याचे त्याने समजून घ्यावे असे मानले.

पुढे त्यातूनच एक मोठी तक्रार जन्मास आली. आम्ही बाजारपेठेला होकार दिला होता, संघराज्याला नव्हे. आम्हांला अर्धेच सांगितले गेले. हे वाक्य ब्रिटिश सार्वजनिक जीवनात पुढची चाळीस वर्षे निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येत राहिले आणि २०१६ च्या सार्वमतात त्याने आपले काम केले. ही तक्रार कितपत खरी होती, हे तपासणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझ्या मते ती शब्दशः खोटी आहे. पण शब्दशः खोटी असलेली प्रत्येक गोष्ट निराधार असतेच असे नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली आणि बेनेलक्सचे तीन देश अशा सहा राष्ट्रांनी १९५७ साली रोमचा करार केला. त्या कराराच्या उद्देशिकेतच युरोपातील लोकांमध्ये उत्तरोत्तर अधिक निकटचे ऐक्य घडवून आणण्याचा संकल्प होता. जकातीचे कोष्टक त्यानंतर येते. ब्रिटन बाहेर राहिला, मग १९६१ मध्ये मॅकमिलन सरकारने प्रवेशासाठी अर्ज केला. पुढील वर्षी, ३ ऑक्टोबर १९६२ रोजी, मजूर पक्षाच्या ब्रायटन अधिवेशनात ह्यू गेट्सकेल यांनी जे भाषण केले ते या वादातील पहिले मोठे भाषण होय. युरोपीय संघराज्यात सामील होणे म्हणजे हजार वर्षांच्या इतिहासाचा शेवट, असे ते म्हणाले. राष्ट्रकुलाची आठवण देताना त्यांनी विमी रिज आणि गॅलिपोली या दोन रणभूमींची नावे घेतली. ही नावे ऐकताच ब्रिटिश श्रोत्याला कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड आठवतात. गॅलिपोलीला हिंदी सैनिकही लढले होते ही गोष्ट सहसा कोणाला आठवत नाही.

त्याच सुमारास 'एन्काउंटर' मासिकाने लेखक-विचारवंतांना युरोपप्रवेशाविषयी प्रश्न विचारून त्यांची उत्तरे क्रमशः प्रसिद्ध केली. (या मासिकाच्या मागे अमेरिकन गुप्तचर संस्थेचा पैसा होता हे १९६७ साली उघडकीस आले, त्यामुळे ती उत्तरे बाद ठरत नाहीत, मात्र प्रश्न विचारणाऱ्याचा रस कशात होता ते कळते.) टी. एस. एलियट यांनी, पश्चिम युरोपाशी निकटचे सांस्कृतिक संबंध असावेत असे आपणास नेहमीच वाटत आले असल्याने आपला कल प्रवेशाकडे आहे, अशा आशयाचे उत्तर दिले. ऑडेनही अनुकूल होते. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे ते हे की एलियट ज्या युरोपाविषयी बोलत होते त्याला लोण्याचा भाव ठाऊक नव्हता. कंसातल्या शब्दाशी त्यांना कर्तव्यच नव्हते. ते कंसाबाहेरच्या शब्दाला मत देत होते.

जानेवारी १९६३ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १९६७ मध्ये जनरल द गॉल यांनी नकाराधिकार वापरून ब्रिटनला दारातूनच परत पाठवले. त्यांच्या निवृत्तीनंतर एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने वाटाघाटी पूर्ण केल्या आणि १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन समुदायाचा सदस्य झाला. आपल्या दृष्टीने या प्रवेशाचा एक कोपरा विसरण्याजोगा नाही. आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातील राष्ट्रकुल देशांना समुदायाशी संलग्न होण्याचा मार्ग प्रवेशकरारातच मोकळा ठेवलेला होता; त्याची परिणती २८ फेब्रुवारी १९७५ च्या लोमे करारात झाली. भारत, पाकिस्तान, श्रीलंका यांना मात्र त्या पंगतीत पाट मांडलेला नव्हता. त्यांच्या वाट्याला पुढे विचार करू अशा आशयाचे एक निवेदन आले. भारताने डिसेंबर १९७३ मध्ये समुदायाशी स्वतंत्र व्यापारी सहकार्य करार केला तो याच पार्श्वभूमीवर. 'राष्ट्रकुलाशी विश्वासघात' हा विरोधकांचा लाडका मुद्दा होता, पण त्या राष्ट्रकुलात नेमके कोण मोडते याचा हिशेब दोन्ही बाजू सोयीने करीत असत. त्या हिशेबाकडे शेवटी परतावे लागणार आहे.

सार्वमताची कल्पना कोणाची? टोनी बेन यांनी ती १९७० मध्ये पुढे आणली तेव्हा त्यांच्या पक्षात फारसे कोणी ऐकून घेतले नाही. जेम्स कॅलाहन यांनी मात्र तिला रबरी होडीची उपमा दिली : आज छोटी दिसते, पण कधीतरी सारा पक्ष तिच्यात चढून बसेल. उपमा तंतोतंत खरी ठरली. मजूर पक्ष युरोपावरून उभा चिरला जात होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये रॉय जेन्किन्स यांच्यासह एकोणसत्तर मजूर खासदारांनी पक्षादेश झुगारून प्रवेशाच्या बाजूने मत दिले होते. सार्वमताचे धोरण स्वीकारले गेले तेव्हा जेन्किन्स यांनी उपनेतेपदाचा राजीनामा दिला. १९७४ मध्ये सत्तेवर आलेल्या हॅरल्ड विल्सन यांनी नव्या अटींसाठी पुन्हा वाटाघाटी केल्या, मार्च १९७५ मध्ये मंत्रिमंडळात सोळा विरुद्ध सात असा कौल घेतला आणि सामूहिक जबाबदारीचा संकेत तात्पुरता खुंटीला टांगून मंत्र्यांना परस्परविरुद्ध प्रचाराची मुभा दिली. नुकत्याच हुजूर पक्षाच्या नेत्या झालेल्या मार्गारेट थॅचर यांनी संसदेत ॲटली यांच्या शब्दांचा आधार घेऊन सार्वमत हे हुकूमशहांचे व चिथावणीखोरांचे साधन असल्याचे सांगितले, आणि मग नऊ देशांचे ध्वज विणलेला स्वेटर घालून त्याच सार्वमतात होकाराचा प्रचार केला.

आता मूळ मुद्दा. लोकांना काय सांगितले गेले होते?

एक साधन निर्विवाद आहे. मतदानापूर्वी प्रत्येक घरी तीन पत्रके पोचवण्यात आली : एक होकाराच्या बाजूचे, एक नकाराच्या बाजूचे आणि एक सरकारचे, जे अर्थातच होकाराचीच शिफारस करीत होते. दोनास एक हे प्रमाण न्याय्य नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. शिवाय होकारवाल्यांचा खर्च नकारवाल्यांच्या दहापटींहून अधिक होता, आणि बहुतेक सारी दैनिके त्यांच्या बाजूला होती. कम्युनिस्टांचे 'मॉर्निंग स्टार' आणि साप्ताहिकांपैकी 'स्पेक्टेटर' व 'ट्रिब्यून' हे विरोधात उभे राहिलेले ठळक अपवाद. परंतु नकाराचे पत्रक घरोघरी गेले हेही तितकेच खरे, आणि त्यात आडपडदा नव्हता. आपला कारभार आपण आपल्या पद्धतीने करण्यास मोकळे राहणार की नाही, हाच मूलभूत प्रश्न आहे असे ते सांगते. हा संघ टप्प्याटप्प्याने ब्रिटनला फ्रान्स, जर्मनी, इटली आदी देशांबरोबर एका राष्ट्रात विलीन करू पाहतो, असेही त्यात छापलेले आहे. बेन यांनी १९७४ च्या अखेरीस ब्रिस्टलमधील आपल्या मतदारांना जे प्रदीर्घ पत्र लिहिले ते तर संसदेच्या अधिकारांचा ऱ्हास या एकाच विषयाला वाहिलेले आहे. इनॉक पॉवेल त्याच विषयावर वर्षानुवर्षे बोलत होते. एवढेच नव्हे, तर त्यापायी त्यांनी फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत मतदारांना आपल्या जन्माच्या प्रतिपक्षाकडे वळण्याचा सल्ला दिला होता. तेव्हा सार्वभौमत्वाचा प्रश्न दडवला गेला, तो कोणी काढलाच नाही, हे म्हणणे टिकत नाही.

मग तक्रारीला आधार कोठे आहे? तो दुसऱ्या बाजूच्या गद्यात आहे. हीथ सरकारने जुलै १९७१ मध्ये श्वेतपत्रिका काढली. तिच्यात राष्ट्रीय सार्वभौमत्वाची झीज होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही असे सांगितले आहे; पण 'सार्वभौमत्व' या नामामागे 'आवश्यक' हे विशेषण जोडलेले आहे. एका विशेषणाने किती काम करावे! आवश्यक सार्वभौमत्व कोणते आणि अनावश्यक कोणते, हे पत्रिका सांगत नाही. सार्वभौमत्व गमावण्याऐवजी ते सर्वांच्या हितासाठी वाटून घेतले जाईल आणि विस्तारेल, असे मात्र ती लगेच पुढे म्हणते. वाक्य खोटे ठरवता येत नाही, कारण विशेषणाचा अर्थ सरकारच्या खिशात आहे. १९७५ चे सरकारी पत्रक याच्या पुढची पायरी. ब्रिटिश संसदेला उत्तरदायी असलेल्या ब्रिटिश मंत्र्याच्या संमतीवाचून कोणतेही महत्त्वाचे नवे धोरण ठरू शकणार नाही, अशी ग्वाही ते देते. त्या वर्षीच्या व्यवहारापुरती ही ग्वाही बरीचशी खरी होती. पण ती करारातल्या कलमावर उभी नव्हती, तर नकाराधिकाराच्या एका चालत आलेल्या समजुतीवर उभी होती. आणि समजुती बदलतात. १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने पुष्कळ विषय बहुमताच्या कक्षेत नेले. त्यावर सही करणारे सरकार थॅचर यांचे होते, कारण त्यांना एकसंध बाजारपेठ हवी होती आणि ती नकाराधिकार सांभाळून होण्यासारखी नव्हती. म्हणजे कंसातल्या शब्दानेच कंसाबाहेरच्या शब्दाला बळ दिले. नाणेसंघाचा धोका टळला असेही त्याच सरकारी पत्रकात सांगितलेले होते. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने तो विषय पुन्हा पटावर आणला. ब्रिटनने त्यातून सूट मिळवली, एवढेच.

या साऱ्याहून मोलाचे मला एक न्यायालयीन निकालपत्र वाटते. साहित्याच्या वर्गात ते अवश्य वाचावे. खटला क्षुल्लक होता. हेरफर्डचे बल्मर कंपनीवाले आपल्या सफरचंदी मद्याच्या बाटलीवर 'शॅम्पेन' हा शब्द लावीत. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या बोलिंजर आदी उत्पादकांचे म्हणणे असे की हा शब्द आमच्या भूमीचा आहे, तो तुम्हांला वापरता येणार नाही. बाटलीवरच्या एका शब्दाचे भांडण लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर अपील न्यायालयात आले आणि मे १९७४ मध्ये त्यांनी निकाल दिला. रोमचा करार भरतीच्या पाण्यासारखा आहे; ते खाड्यांतून शिरते, नद्यांतून वर चढते, ते थोपवता येत नाही, असे त्यांनी लिहिले. ही प्रतिमा फार प्रसिद्ध पावली. परंतु त्याच निकालात वाचनाविषयी जे आहे त्याकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. इंग्रजी कायदा शब्दांवर चालतो, असे डेनिंग सांगतात. मसुदा करणारा शक्य तेवढ्या शक्यता आधीच शब्दांत बांधून ठेवतो आणि न्यायाधीश त्या शब्दांपलीकडे जात नाही. या कराराची घडण निराळी. त्यात सर्वसाधारण तत्त्वे आहेत, हेतू आहेत. वाक्ये बेताची, शैली प्रशंसनीय. नेमकेपणा नाही. शब्द वापरले आहेत पण त्यांच्या व्याख्या नाहीत. इंग्रज वकील व्याख्यांचे कलम शोधू लागला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. असा मजकूर वाचायचा तर हेतूकडे पाहून वाचला पाहिजे आणि मोकळ्या जागा वाचणाऱ्याने भरल्या पाहिजेत.

सार्वमताच्या एक वर्ष आधी एका म्हाताऱ्या न्यायाधीशाने सगळा वाद असा वाचनपद्धतीचा करून टाकला होता. ज्याला शब्दांत बांधलेले एवढेच वाचायची सवय आहे त्याला करारात जकाती, कोटे, धान्याचे भाव दिसणार. उद्देशिकेतले निकटच्या ऐक्याचे वाक्य त्याला मंगलाचरणासारखे, म्हणजे आदराने ओलांडून जाण्याचे वाटणार. ज्याला हेतूप्रमाणे वाचायची सवय आहे त्याला तेच वाक्य ग्रंथाचा गाभा वाटणार. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने तर १९६३ व १९६४ च्या दोन निकालांत, म्हणजे ब्रिटन आत येण्यापूर्वीच, समुदायाचा कायदा सदस्य राष्ट्राच्या कायद्याहून वरचढ असल्याचे स्पष्ट केले होते. ब्रिटिश न्यायालयांत याचा पुरता प्रत्यय १९९० च्या सुमारास मासेमारीच्या नौकांवरून झालेल्या फॅक्टरटेम खटल्यात आला. त्याच वर्षी डेनिंग यांनी आपली जुनी प्रतिमा सुधारून घेतली : आता ही भरती राहिली नसून समुद्राचे बांध फोडणारी लाट झाली आहे. भरतीचे वर्णन त्यांनी १९७४ मध्ये कौतुकाने केले होते की काळजीने, यावर विद्यार्थ्यांनी वाद घालावा. मूळ परिच्छेदात दोन्हींना जागा आहे.

सर्वसामान्य मतदार अर्थात निकालपत्रे वाचीत नव्हता. १९७५ च्या उन्हाळ्यात महागाईचा वार्षिक दर पंचवीस टक्क्यांच्या आसपास होता. आदल्या वर्षी दुकानांतून साखर नाहीशी झाली होती. प्रचार स्वयंपाकघरातून चालला. बार्बरा कॅसल या मंत्रीणबाई भावांची तुलना करण्यासाठी ब्रसेल्सला जाऊन बाजार करून आल्या. दुसऱ्या बाजूने युद्धाच्या आठवणी आणि शांततेची भाषा होती, आणि या पडत्या काळात बाहेर पडून एकटे कोठे जाणार, ही धास्ती होती. माझा अंदाज असा की या धास्तीने जेवढी मते मिळवली तेवढी युरोपप्रेमाने नाही.

या पोटापाण्याच्या भाषेवर सर्वांत कडवट लेखन केले ते इतिहासकार ई. पी. टॉम्प्सन यांनी. एप्रिल १९७५ मध्ये 'संडे टाइम्स'मधील लेखात त्यांनी सामाईक बाजारपेठेला एका फुगलेल्या पोटाचे रूप दिले. नाना कप्प्यांतून माल रिचवत जाणारे, जग पचवू पाहणारे एक भलेमोठे जठर. चांगल्या वाइनच्या आणि चीजच्या ओढीला आंतरराष्ट्रीयता म्हणू नये, हे त्यांचे सांगणे. टॉम्प्सन यांना कोणी बेटावरचा संकुचित इंग्रज म्हणू शकत नव्हते. त्यांचे वडील एडवर्ड टॉम्प्सन बंगालमध्ये बांकुऱ्याला अध्यापक होते, टागोरांचे अभ्यासक आणि नेहरूंचे स्नेही होते. स्वतः ई. पी. महायुद्धात इटलीत लढले होते; आणि थोरला भाऊ फ्रँक १९४४ साली बल्गेरियातील फॅसिस्टविरोधी छापामारांसोबत पकडला जाऊन मारला गेला होता. ज्याच्या भावाची माती बल्गेरियात आहे त्याच्या युरोपाच्या नकाशात सोफिया नसून कसे चालेल? नऊ श्रीमंत देशांच्या जकातसंघाने 'युरोप' हे नाव घ्यावे हा त्यांना एका मोठ्या नावाचा अपहार वाटत होता. त्यांचा लेख आज वाचताना काही ठिकाणी अतिरेकी वाटतो, कारण ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल आणि पुढे खुद्द बल्गेरियाही (२००७ मध्ये) त्या संघात आले. तरीसुद्धा एक गोष्ट त्यांना इतरांहून लवकर दिसली : भांडण बाहेर पडण्याचे वा राहण्याचे असले, तरी ते नावाच्या मालकीचेही आहे.

निकाल स्पष्ट लागला. ६७.२ टक्के होकार, ३२.८ टक्के नकार. मोजणीच्या साऱ्या विभागांत शेटलंड आणि वेस्टर्न आइल्स या दोन द्वीपसमूहांनीच काय ते नाही म्हटले. विल्सन यांनी वाद संपल्याचे मानले.

त्यानंतरची पंधरा वर्षे हा जणू नाटकातल्या पात्रांनी वेष बदलण्याचा काळ. मजूर पक्षाने १९८३ ची निवडणूक समुदायातून बाहेर पडण्याच्या आश्वासनावर लढवली आणि ती दारुणपणे गमावली. सप्टेंबर १९८८ मध्ये जाक देलोर यांनी ब्रिटिश कामगार संघटनांच्या परिषदेत येऊन सामाजिक हक्कांच्या युरोपाचे चित्र रंगवले तेव्हा थॅचर राजवटीत नामोहरम झालेल्या त्या सभागृहाने त्यांचे स्वागत केले. त्याच महिन्यात थॅचर यांनी ब्रूज येथे युरोपीय महासत्तेविरुद्ध भाषण केले. १९७५ मध्ये बेन जी वाक्ये बोलत होते ती आता हुजूर बाकांवरून ऐकू येऊ लागली. 'सन', 'डेली मेल' आणि 'डेली एक्सप्रेस' या १९७५ मध्ये होकार देणाऱ्या दैनिकांनी २०१६ मध्ये बाहेर पडण्याची बाजू घेतली. स्कॉटलंडचे तसेच, पण उलट दिशेने : १९७५ मध्ये तेथील राष्ट्रवादी पक्ष नकारासाठी झटला, आणि २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या बत्तीसही विभागांनी राहण्याला बहुमत दिले, त्यांत शेटलंड आणि वेस्टर्न आइल्सही होते.

२३ जून २०१६ च्या मतपत्रिकेवर कंस नव्हता. सदस्य राहावे की बाहेर पडावे, असे दोन्ही पर्याय प्रश्नातच लिहिले होते. होय-नाही विचारल्याने एका बाजूला झुकते माप मिळते, या निवडणूक आयोगाच्या आक्षेपानंतर झालेला हा बदल. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली. ती संख्येने सुमारे १ कोटी ७४ लाख होती; १९७५ मध्ये राहण्याच्या बाजूने पडलेली मतेही सुमारे १ कोटी ७४ लाखच होती, दोहोंत जेमतेम बत्तीस हजारांचा फरक. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. बाजारपेठेतून आणि समुदायातून एकदमच बाहेर पडायचे की बाजारपेठ तेवढी ठेवायची, यावर मधली साडेतीन वर्षे संसद झगडत राहिली. म्हणजे कंसाचे भांडण मतदानानंतर पुन्हा उभे राहिले, आणि या वेळी तर ते मतपत्रिकेवर छापलेलेही नव्हते.

आता तो राहिलेला हिशेब. या सार्वमतात मताचा अधिकार ब्रिटिश व आयरिश नागरिकांबरोबरच ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना होता. भारताचे पारपत्र घेऊन तेथे नोकरीनिमित्त राहिलेला पुण्याचा वा नाशिकचा माणूस, नाव नोंदवले असल्यास, ब्रिटनने युरोपात राहावे की नाही यावर मत देऊ शकत होता. ब्रिटनमध्ये घर करून राहिलेल्या जर्मन, पोलिश वा पोर्तुगीज नागरिकाला मात्र मत नव्हते. १९७३ मध्ये ज्या राष्ट्रकुल देशांना पंगतीबाहेर ठेवले होते त्यांच्या नागरिकांना २०१६ मध्ये पंगत उठवण्याच्या निर्णयात मत मिळाले. ते समुदायाच्या नियमाने मिळाले नव्हते, साम्राज्याच्या जुन्या वहिवाटीने मिळाले होते.

या दोन्ही नियमांच्या मधोमध गोवेकर सापडले. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या गोमंतकीयांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाचा दावा करता येतो. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मान्य केले. १ जानेवारी १९८६ रोजी तो युरोपीय समुदायाचा सदस्य झाला आणि लिस्बनच्या दफ्तरातली जन्मनोंद हा साऱ्या युरोपातील कामधंद्याचा परवाना ठरला. हजारो गोवेकर त्या पारपत्रावर इंग्लंडात, विशेषतः स्विंडन शहरात, येऊन राहिले. दुहेरी नागरिकत्व भारतीय कायद्याला मान्य नसल्याने पोर्तुगीज पारपत्र घेताना त्यांना भारतीय नागरिकत्व सोडावे लागले होते, आणि त्याबरोबर राष्ट्रकुलाच्या नागरिकाचा मताधिकारही. त्याच शहरातील भारतीय पारपत्रधारकाला मत होते, त्याच्या गोवेकर शेजाऱ्याला नव्हते. स्विंडनने ५४.७ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.